लिंबाजीतात्यांची अट

लिंबाजीतात्या गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, आणि तेही चुकून. एका ढोलकीवाल्याचा नंबर हवा होता म्हणून शिरूर कासारच्या एका ओळखीच्या शिक्षकांना फोन केला होता. नंबर सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तुमचे ते लिंबाजीतात्या गेले की. तुम्हाला कळलंच आसंल." मी "हो" म्हणाले. नाही म्हटलं असतं, तर मला कुणी कळवलं नाही हे कबूल करावं लागलं असतं. का कळवलं नाही, हे त्या शिक्षकांपेक्षा मला जास्त चांगलं माहीत होतं.

मी संगीतकार आहे. पुण्यात राहते. नाटकं, मालिका, जाहिराती असं मिळेल ते काम करते. चार वर्षांपूर्वी मनात आलं की ऊस तोडायला जाणाऱ्या माणसांची गाणी त्यांच्याच गावात जाऊन ऐकावी, तिथल्याच गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना सोबत घेऊन त्यावर काहीतरी नवं रचावं. टोळ्या दसऱ्या-दिवाळीनंतर गावं सोडतात, म्हणून त्याआधीचा दीड महिना धरला. माझा रेकॉर्डिस्ट सुहास आणि मी त्याच्या जुन्या गाडीतून बीड जिल्हा फिरत होतो.

शिरूरहून आष्टीकडे जाताना रस्त्यालगतच्या एका वस्तीसमोर पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका म्हाताऱ्यानं हात दाखवून गाडी थांबवली. आम्हाला वाटलं, कुठं सोडायचं असेल. तो वाकून म्हणाला, "मागचं उजवं बेअरिंग रडतंय तुमचं. आष्टीला पोचाल, पण माघारी याल का न्हाई, सांगता येत न्हाई."

सुहास हसला. संध्याकाळी आष्टीच्या मेकॅनिकनं मागचं उजवं चाक काढलं आणि बेअरिंगचा चुरा तळहातावर घेऊन आम्हाला दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या म्हाताऱ्याला शोधत परत गेले. असा कान मला सोडवत नव्हता.

लिंबाजीतात्या एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पस्तीस वर्षं इंजिनांत हात घालून निवृत्त झालेले. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर एका पंख्याच्या पट्ट्यानं नेलं होतं. "बोट गेलं, पर पट्टा ढिला होता ह्ये सिद्ध झालं," असं ते सांगायचे. सगळा तालुका त्यांना त्या बोटावरून ओळखायचा. कुणी "कोणते लिंबाजी?" विचारलं, की समोरचा उजव्या हाताचं बोट दुमडून दाखवायचा.

ते बौद्ध वस्तीतल्या गायनपार्टीचे प्रमुख होते. चाळीस वर्षं जयंतीला पहिलं गाणं त्यांच्या पेटीवर सुरू व्हायचं. बसून गायचे नाहीत. पेटी टेबलावर ठेवून उभ्यानं वाजवायचे. "बसलं की आवाज पोटात जातो," म्हणायचे. चहा गार करून प्यायचे, का विचारलं तर, "गरम चहाचा आवाज होतो फुरफुर, समोरचा काय म्हणतोय त्ये ऐकू येत न्हाई." सुरुवातीला मी त्यांना सर म्हणाले, ते मला मॅडम म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांनी मला "ताई" म्हटलं, आणि मीही तात्या म्हणायला लागले.

पहिल्या रेकॉर्डिंगला मी लॅपटॉपवर लयीची टकटक लावली आणि हेडफोन त्यांच्या कानाला दिला. दोन ओळी गाऊन त्यांनी तो काढून ठेवला.

"ताई, ह्याला म्हणावं बाहेर जाऊन बस."

"का तात्या?"

"ह्ये ऐकतच न्हाई कुणाचं. नुसतं बोलतंय. ऐकत न्हाई त्याच्यासंग गाणं कसं म्हणायचं?"

मी ती टकटक बंद केली. त्या दौऱ्यातलं एकही गाणं मग तिच्यावर झालं नाही. संगीत शिकून मला वीस वर्षं झाली होती, पण साथ म्हणजे आधी ऐकणं, हे त्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा नीट सांगितलं.

ते आमच्यासोबत फिरायला लागले. मागच्या सीटवर खिडकीशी बसायचे, मांडीवर घडी घातलेला रुमाल. त्यांच्यामुळं दारं उघडली. शिरूरजवळच्या एका तांबड्या माळावरच्या वस्तीत जनाबाई नावाच्या बाईनं आम्हाला ओवी म्हणून दाखवली. कोयता, मुकादम, गाडी असं सगळं त्यात होतं आणि मधेच हे:

कडी घातली घराला, कुलूप घालू कशाला
राखायला ठेवला मी माझा आवाज दाराला

मी वहीत ओळी उतरवल्या आणि पुढं सवयीनं लिहिलं, पारंपरिक. तात्या माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"जनाबाई, ह्ये कुणाकडनं शिकलात?"

"कुणाकडनं शिकंन? गेल्या साली निघताना सुचलं. माझंच हाय."

तात्यांनी माझ्या हातातला पेन घेतला, पारंपरिक या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि पेन परत दिला. "नाव इचारा, ताई. पुरं नाव. गाणं घ्यायच्या आधी नाव घ्यायचं."

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी ते आधी हेच विचारायचे, "नाव इचारलं का?" आमच्या कामात एकवीस माणसांची नावं आहेत, ती त्यांच्यामुळं. त्या गाण्यांचा संग्रह बाहेर आल्यावर एका समीक्षकानं या गोष्टीचं खास कौतुक केलं. माझं.

आता मूळ गोष्टीवर येते. इतका वेळ मी तिच्याभोवती फिरते आहे, हे माझं मलाच कळतंय.

उमापूरला सखाराम नावाचे एक हलगीवाले होते. ते वाजवत असताना सकाळच्या दमट हवेनं हलगी बसली होती, आवाज पोकळ येत होता. तात्या कोपऱ्यात होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ढिली हाय. तापवा." सखारामनं जाळावर धरून तापवली आणि पुन्हा सुरू केलं. माझी नजर तात्यांच्या मांडीवर गेली. रुमालाच्या घडीवर त्यांची बोटं चालत होती, आणि ती सखारामच्या मागून जात नव्हती. अर्धी मात्रा पुढं होती. पुढं काय येणार आहे हे त्यांना आधीच माहीत होतं.

गाडीत मी विचारलं, "तात्या, तुम्ही हलगी वाजवता?"

"न्हाई."

"पण तुमची बोटं..."

"न्हाई म्हणलं ना, ताई."

मी थांबायला हवं होतं. पण त्या बोटांतली लय मला हवी होती. रोज काहीतरी निमित्त काढून मी तिथंच यायची. आठव्या का नवव्या दिवशी त्यांनी घराच्या ओसरीवर बसून सांगितलं.

"आमचा बा पोळ्याला पाटलाच्या बैलापुढं हलगी वाजवायचा. बैल वाड्यात जायचा, बा दाराबाहेर. बैलाला पुरणपोळी सुपातनं, बाला पायरीखाली. यात्रेला त्येच. कुणाच्या घरी मयत झालं तरी त्येच. वाजवतो का म्हणून कुणी इचारलं न्हाई कधी. वाजवायचंच. मग आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. आमच्याकडं जरा उशिरा पोचली, मी दहा-अकरा वर्सांचा आसंन. त्या साली पोळ्याचं बोलावणं आलं. बा म्हणला, बैल सजवा, आमी बघाय येऊ. हात उठणार न्हाई."

"मग?"

"मग काय. सालभर कुणी काम दिलं न्हाई. इहिरीचं पाणी बंद. आय ओढ्यात झिरा उकरून पाणी आणायची. बानं हलगीचं कातडं स्वतः फाडलं. कडं तेवढं राहिलं. त्या कड्यावर आय घागर ठेवायची."

"आणि तुम्ही शिकलात कधी?"

"शिकवलं कुणी न्हाई. लहानपणी बाच्या पाठीमागं उभा राहून कान भरले. हात कवा शिकले, मलाबी मालूम न्हाई." मग म्हणाले, "वाईट वाजवायचा न्हाई तो. लई भारी वाजवायचा. पर त्ये कुणाला सांगायचं? चांगलं वाजवायचा म्हणलं, तरी आमच्याच माणसाला वाईट वाटंल."

ते एवढं बोलले तेव्हा मी म्हणाले, "तात्या, तुमच्याबरोबर ही लय जाईल. तुमच्या वडिलांचं मग काहीच उरणार नाही." हे वाक्य मी गाडीत बसून आधी जुळवलेलं होतं. कुठं लागेल ते मला ठाऊक होतं, आणि ते तिथंच लागलं.

तीन दिवसांनी ते हो म्हणाले. एका अटीवर. "आवाज घ्या. तोंड घेऊ नका. नाव नको, गाव नको. बाकीच्या नावात माझं पेटीसाठी घाला. ह्याच्यासाठी न्हाई."

मी शब्द दिला.

त्यांच्या घरामागं ज्वारी कमरेच्या वर आली होती. त्या आडोशाला, भर दुपारी, सखारामकडून आणलेली हलगी त्यांनी धसकटांच्या जाळावर तापवली. कान लावून टिचकी मारली, पुन्हा धरली, पुन्हा टिचकी. मग उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्या हातात लांब बारीक काडी घेऊन उभे राहिले. पहिली पाच मिनिटं हात अडखळत होते. नंतर जे सुरू झालं त्याचं वर्णन मला जमणार नाही. मी आयुष्यात पुष्कळ तालवाद्यं ऐकली आहेत. हे वाद्य त्या दिवशी कुणाला बोलावत नव्हतं, कुणाची वर्दी देत नव्हतं. एक म्हातारा माणूस आपल्या बापाशी बोलत होता. सुलोचनाकाकू, त्यांच्या पत्नी, मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

वीस मिनिटांनी ते थांबले. रुमालानं हलगी पुसली, सुहासच्या हातात दिली. "परत करा सखारामला. आजच करा."

सुहासच्या माइकनं आवाज घेतला होता. पण मी माझा फोन बांधावर दगडाला टेकवून चालू ठेवला होता. तात्यांची तिकडं पाठ होती, अधूनमधून वळायचे तेवढंच. लय लिहून काढताना हात दिसले तर सोपं जाईल, फक्त माझ्यासाठी, असं मी मनाशी म्हटलं होतं. त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत संग्रह प्रसिद्ध करायचा ठरला. ज्यांनी तो काढायचं मनावर घेतलं होतं ते म्हणाले, लोकांना नुसतं ऐकू येऊन चालत नाही, काहीतरी दिसलं पाहिजे. मी त्या चित्रीकरणातले अकरा सेकंद काढले. नुसते हात, हलगी आणि मागं ज्वारी. सुहासनं ते पाहिलं आणि म्हणाला, "बोट दिसतंय."

"चेहरा नाहीये ना," मी म्हणाले. "कोण ओळखणार?"

हे मी त्याला म्हणाले. पण मला ते बोट त्याच्याआधी दिसलं होतं.

ते अकरा सेकंद लोकांच्या फोनवर गेले आणि चौथ्या दिवशी तात्यांच्या मुलीचा, संघमित्राचा फोन आला. ती आष्टीला दवाखान्यात नर्स आहे. चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "मॅडम, आप्पांचा व्हिडिओ काढता येतंय का तेवढा? गावात सगळ्यांच्या फोनवर आलाय." मी त्याच तासाला तो काढून टाकायला लावला. पण एकदा एका फोनवरून दुसऱ्यावर पसरलेली गोष्ट परत येत नाही. त्यात कुणीतरी दुसरं गाणं घातलं होतं, कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'आपल्या गावची मानाची हलगी पुन्हा घुमली.'

मी लगेच जायला हवं होतं. पुण्यात आमचा कार्यक्रम होता, तो होईपर्यंत थांबले. त्या कार्यक्रमात हलगीच्या त्या तुकड्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मी वाकून त्या घेतल्या.

पंधरा दिवसांनी गेले. काकूंनी पाणी दिलं, ते पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात. आधी मी माठातलं हातानं घ्यायची. तात्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. "या मॅडम," म्हणाले.

त्या एका शब्दानं माझं ठरवून आणलेलं सगळं बोलणं गेलं. मी म्हणाले, "तात्या, माझं चुकलं. मी सगळ्यांसमोर सांगते. लिहून देते, की मी तुम्हाला न विचारता..."

"तुमी इचारलं असतं तर मी न्हाई म्हणलो असतो," ते शांतपणे म्हणाले. "त्ये तुमाला माहीत होतं. म्हणून इचारलं न्हाई."

मी काचेचा ग्लास खाली ठेवला.

मग त्यांनीच सांगितलं. गावचे पुढारी भाऊसाहेब आले होते, चार माणसं घेऊन, नारळ आणि फेटा घेऊन. मोठ्या प्रेमानं बोलले. यात्रा तोंडावर आली आहे, जुनी परंपरा तुमच्या हातात जिवंत आहे हे बघून आनंद झाला, या साली मानाची हलगी तुमची.

"मी म्हणलो, भाऊसाहेब, मान हाय ना? मग तुमीच वाजवा की. मी बघाय येतो." तात्या थोडे हसले. "गेले उठून. नारळ ठेवून गेले. हिनं कुणाला तरी दिऊन टाकला."

"आणि वस्तीतले लोक?"

हसू गेलं. "त्ये काय बोलले न्हाईत. भांडले आसते तर उत्तर दिलं आसतं. बोललेच न्हाईत. ज्यांना मी सांगत आलो, हात उठणार न्हाई म्हणणाऱ्याची पोरं हाव आपण, त्यांनी माझा हात उठलेला फोनवर बघितला." ते खिडकीकडं बघत होते. "मग मीच विहारात गेलो. उभा राहिलो. म्हणलो, वाजवली. कुणाच्या भेवानं न्हाई, कुणाच्या दारात न्हाई. बाची आठवण झाली म्हणून वाजवली. पर तुमाला न इचारता वाजवली, ही माझी चूक. पेटी तिथंच ठेवून आलो."

"पेटी? का तात्या? त्यांनी मागितली?"

"न्हाई. उलट घ्या म्हणत होते. पर पयलं गाणं म्हणणाऱ्याकडं बघून कुणाच्या मनात दुसरं काय येऊ नये."

"पण चूक माझी होती!"

"तुमची तुमच्याजवळ ठेवा, मॅडम. माझी मला आवरू द्या."

काकू चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं सालभर उपाशी राहून ती हलगी घरातून काढली होती, बाई. तुमी ती सगळ्या मुलखाला दाखवली." मी पायांत चपला घालत होते. वर बघायची हिंमत झाली नाही.

संग्रहातून तो तुकडा मी काढायला लावला. आता त्या जागी नुसती पेटी आहे, तात्यांची. काढला हे त्यांना कळवलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की सखारामला सांगितलं का, कारण हलगी त्याची होती. मी सांगितलं नव्हतं. मग सांगितलं.

एप्रिलमध्ये जयंती आली. मला आमंत्रण नव्हतं. तरी गेले. ऊन उतरलं होतं, विहारासमोर मांडव होता, निळे झेंडे वाऱ्यानं फडफडत होते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका सतरंज्यांवर बसल्या होत्या, नुकत्याच कारखान्यावरून परतलेल्या, हात अजून चिरांनी भरलेले. मी मांडवाच्या खांबाशी उभी राहिले. बऱ्याच जणांनी पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. व्यासपीठावर गायनपार्टी होती. पेटीवर एक चाळिशीचा माणूस बसला होता. बसूनच वाजवत होता.

तात्या खाली होते, बायकांच्या मागच्या ओळीत, सतरंजीच्या कडेला. मांडीवर कुणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं. त्यांनी मला पाहिलं. मी हात जोडले. त्यांना जोडता आले नाहीत, बाळाला दोन्ही हातांनी धरलं होतं. शेजारच्या बाईला त्यांनी काहीतरी सांगितलं. ती जरा सरकली. तात्यांनी हनुवटीनं त्या मोकळ्या जागेकडं खूण केली, बसा.

मी जाऊन बसले. एवढ्या लोकांत त्यांनी मला उभं राहू दिलं नाही. त्यानंतर मात्र माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पहिलं गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला सगळा मांडव गायला लागला. बायका, पोरं, म्हातारे, चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा. मीही ओळ उचलली आणि सवयीनं शेजारी पाहिलं. तात्यांचे ओठ मिटलेले होते. डोळे व्यासपीठावर होते, अगदी लक्ष देऊन. एके ठिकाणी पेटीवाला चुकला तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि लगेच गेली.

चार गाणी झाल्यावर बाळ रडायला लागलं. त्याची आई पुढून आली, तात्यांनी ते अलगद तिच्या हातात दिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले. मी हात पुढं केला. त्यांनी पाहिला असेल, नसेल. समोर बसलेल्या सुलोचनाकाकूंच्या खांद्याचा आधार घेऊन ते उभे राहिले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि गाणं चालू असतानाच, कुणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून सतरंजीच्या काठाकाठानं, मांडवाबाहेर गेले.